नाव कळलं, पुढे काय?

तुंगार्लीत माझी आत्या राहते. तिच्या घरामागून वर चढत गेलं की तुंगार्लीचं जुनं धरण लागतं, आणि तसंच पुढे गेलं की राजमाचीकडे जाणारी वाट. मेच्या शेवटच्या रविवारी पहाटे मी त्या वाटेवर उभी होते. सोबत आतेभाऊ होता, कारण "एकटी जाऊ नकोस" हे आत्यानं आदल्या रात्रीच बजावलं होतं. तो दगडावर बसून पेंगत होता. ढग खाली उतरले होते, पाऊस अजून यायचा होता. तेवढ्यात ओहोळाच्या बाजूनं शीळ ऐकू आली. कुणीतरी गाणं आठवत चाललाय, चाल अर्धी येते, मग हरवते, मग तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, अशी शीळ.

मी मोबाइल काढला, अ‍ॅप चालू केलं आणि हात उंच धरला. चार-पाच सेकंदांत पडद्यावर नाव आलं : शीळकरी कस्तूर. मी ते यादीत टाकलं. त्या सकाळची नववी नोंद.

दुधाची किटली घेऊन खाली निघालेले एक काका थांबले. "काय गावलं का?"

"कस्तूर आहे."

"म्हंजे त्यो शीळ घालणारा ना? वढ्यावरचा?" ते क्षणभर ऐकत राहिले. "औंदा लवकर तोंड उघडलं की त्यानं. का गेल्या सालीबी हितपतच सुरू झालावता?"

मला उत्तर देता येईना. गेल्या वर्षी मेमध्ये मी दुसऱ्याच जिल्ह्यात, दुसऱ्याच पक्ष्यामागे होते. माझ्या यादीत दोनशेच्या वर पक्षी आहेत आणि त्यांतल्या एकाबद्दलही 'गेल्या वर्षीपेक्षा' या शब्दानं सुरू होणारं वाक्य मला बोलता येत नाही. काका निघून गेले. कस्तूर गातच होता. मी मात्र त्याचं नाव कळल्यापासून त्याला ऐकणं थांबवलं होतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

हा लेख त्या सकाळीबद्दल कमी आणि पुस्तकांबद्दल जास्त आहे. घरी आल्यावर मी मराठीतली रानावनाची पुस्तकं पुन्हा वाचायला काढली. प्रश्न साधा होता : शनिवारी रात्री बॅग भरून रविवारी परत येणाऱ्या आपल्यासारख्यांना ही पुस्तकं काय देतात? आणि कुठे कमी पडतात?

झाडावरचं गाव

आधी नावांपासून सुरुवात करू, कारण अ‍ॅपही तिथूनच करतं. मराठीतली पक्ष्यांची रुळलेली नावं एका ओळीत मांडून बघा : सुतार, शिंपी, तांबट, धोबी, कोतवाल, शिपाई बुलबुल, सुगरण, युवराज. हे एक अख्खं गावच आहे. लाकूड ठोकणारा आहे, पानं शिवणारा आहे, तांब्यावर हातोडी मारल्यासारखा टुक टुक करणारा आहे, आपल्या हद्दीत घारीलाही न येऊ देणारा कोतवाल आहे. नाव ठेवणाऱ्यांनी रंग मोजला नाही, तो काय करतो हे पाहिलं. म्हणजे नावाच्या आधी बराच वेळ पाहणं झालेलं होतं. आपल्याकडे आता हा क्रम उलटा झालाय. नाव आधी येतं, आणि पाहणं राहून गेलं तरी चालतं.

याहून चांगलं उदाहरण पावशाचं. मेअखेरीस मावळात भाताचे राब भाजून झालेले असतात, शेतं काळी पडलेली असतात आणि हा पक्षी दिवसभर, कधी रात्रीही, चढत्या आवाजात ओरडत असतो. मराठी माणसाला त्यात 'पेरते व्हा' ऐकू आलं. हिंदीत हाच पपीहा, आणि त्याला 'पी कहाँ' असं विचारताना ऐकलं गेलं. इथल्या उन्हाळ्यानं हैराण झालेल्या इंग्रजांना त्यात 'ब्रेन फीवर' ऐकू आलं. पक्षी एक, आवाज एक. पण एकाला कामाची हाक ऐकू आली, एकाला विरह, एकाला डोकेदुखी. मला हे तीन लहान समीक्षालेख वाटतात. प्रत्येक भाषेनं त्या आवाजाचा अर्थ लावला आणि अर्थ लावताना स्वतःबद्दलच सांगून टाकलं.

अ‍ॅप यातलं काही करत नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेनं ईबर्ड २००२ मध्ये सुरू केलं. त्याच प्रयोगशाळेचं मर्लिन आज आपल्या खिशात आहे. हौशी लोकांनी केलेल्या नोंदींतून पक्ष्यांच्या संख्येतले चढउतार कळतात, भारतातही कळू लागलेत. याचं मोल मी कमी मानत नाही. आवाज ओळखायला शिकवणारा गुरू प्रत्येकाला भेटत नाही; मला तरी भेटला नव्हता. तक्रार अ‍ॅपबद्दल नाहीच. नाव मिळाल्यावर काय करायचं, हे त्यानं सांगायचं नव्हतंच. ते साहित्यानं सांगायचं होतं.

चितमपल्लींचं शब्दांचं रान

मराठीत पक्षी म्हटलं की पहिलं नाव मारुती चितमपल्लींचं. १९३२ मध्ये सोलापुरात जन्म, वनखात्यात आयुष्यभराची नोकरी, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट असे मुक्काम, २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, आणि २०२५ च्या जूनमध्ये सोलापुरातच निधन. ते गेले तेव्हा आपल्या सगळ्यांच्या स्टेटसवर त्यांचा फोटो होता. त्यातल्या किती जणांनी 'पक्षी जाय दिगंतरा' किंवा 'रानवाटा' शेवटपर्यंत वाचलंय, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला. मी 'रानवाटा' शाळेत असताना अर्धं वाचलं होतं.

आता पूर्ण वाचताना पहिल्यांदा जाणवतं ते शब्दांचं भांडार. बगळ्या-करकोच्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', असे शब्द त्यांच्यामुळे वाचकांपर्यंत पोचले. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच 'शब्दांचं धन' आहे. हे धन त्यांनी एकट्यानं कमावलं नाही, आणि हे ते लपवतही नाहीत. रानात राहणारी माणसं, मासे धरणारे ढीवर, गोंड वाटाडे, म्हातारे शिकारी यांच्या तोंडून ते शब्द आणि माहिती घेतात. चितमपल्लींच्या लेखनात पक्ष्याइतकाच पक्षी दाखवणारा माणूस महत्त्वाचा असतो. तुंगार्लीच्या वाटेवरच्या दूधवाल्या काकांना मी त्या सकाळी उत्तर देऊ शकले नाही. चितमपल्ली असते तर किटली खाली ठेवायला लावून त्यांनीच काकांना प्रश्न विचारले असते. इंग्रजीतलं उत्तमातलं उत्तम पक्षी-मार्गदर्शक पुस्तक घेतलं, तरी त्यात हे सापडणार नाही.

पण इथेच माझी अडचणही सुरू होते. चितमपल्लींच्या लेखनात स्वतः पाहिलेलं, कुणीतरी सांगितलेलं, संस्कृत ग्रंथात वाचलेलं आणि स्वप्नासारखं जाणवलेलं हे सगळं एकाच आवाजात येतं. हंसदेवाचं 'मृगपक्षिशास्त्र' त्यांनी मराठीत आणलं. 'निळावंती' या पुस्तकासाठी त्यांनी पशुपक्ष्यांची भाषा कळवणाऱ्या ग्रंथाची लोकसमजूत घेतली. या गोष्टी मोलाच्या आहेत. पण वाचक म्हणून मला दर वेळी कळत नाही की मी आता निरीक्षण वाचतेय की आख्यायिका. त्यांच्या चाहत्यांना ही सरमिसळच आवडते. मला वाटतं, तिची किंमत आपण आज मोजतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर पक्ष्यांबद्दल जे फिरतं, गरुड म्हातारपणी चोच आपटून तोडतो आणि पुन्हा तरुण होतो वगैरे, ते आपण भोळेपणानं पुढे ढकलतो, कारण 'रानाबद्दल सुंदर सांगितलं म्हणजे खरंच असणार' अशी सवय आपल्या वाचनाला लागली आहे. हा दोष एकट्या चितमपल्लींचा नाही. त्यांच्याकडे निदान चाळीस वर्षांच्या मुक्कामाची पुंजी होती. पुंजी नसताना तोच सूर लावणाऱ्यांचा दोष मोठा आहे.

आणि मुक्काम हाच शब्द महत्त्वाचा. मराठी निसर्गलेखन हे प्रामुख्यानं मुक्कामाचं लेखन आहे. किरण पुरंदरे यांच्या पुस्तकाचं नावच 'मुक्काम पोस्ट नागझिरा'. आपला मुक्काम कुठेच नसतो. आपली ट्रिप असते.

पाहुणा माडगूळकर

म्हणून व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' मला जास्त जवळचं वाटलं. माडगूळकर माणदेशातले, नोकरीनं पुण्याच्या आकाशवाणीतले. नागझिऱ्याच्या रानात ते वनाधिकारी नव्हते, रहिवासी तर नव्हतेच. थोड्या दिवसांचा पाहुणा म्हणून आलेला, परत जायची तारीख ठाऊक असलेला माणूस. म्हणजे आपल्यासारखाच.

पण पाहुणेपणाचा वापर ते वेगळा करतात. वेळ थोडा आहे म्हणून धावत नाहीत, बसतात. वाक्यं आखूड ठेवतात. जनावर दिसलं तर ते कसं उभं होतं, मान कुठे वळली, कान कसे हलले, हे सांगतात आणि थांबतात. विशेषणं टाळतात. चित्रकार असल्यामुळे असेल, त्यांना रेषा कुठे संपवायची हे कळतं. आणि जिथे काही दिसलं नाही, ती दुपारही ते लिहून ठेवतात. मला हे सगळ्यात धाडसाचं वाटतं. आपल्या फीडवर न दिसलेल्या पक्ष्याची पोस्ट कुणी कधी टाकली आहे का?

पुढे 'सत्तांतर'मध्ये, ज्याला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यांनी हीच शिस्त वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या लढाईला लावली. तिथे मोह मोठा होता : वानरांना माणसं करून टाकायचं, राजकारणाचं रूपक उघड करायचं. ते तो बऱ्याच अंशी टाळतात. वानरं वानरंच राहतात, म्हणूनच गोष्ट आपल्यापर्यंत येते.

तरीही 'नागझिरा' वाचताना एक गोष्ट मला टोचत राहिली. एकटा माणूस रानात जातो, ही त्या पुस्तकाची सगळी मांडणी आहे, आणि तो 'एकटा माणूस' पुरुष आहे. त्याला कुणी "एकटा जाऊ नकोस" म्हणत नाही. तुंगार्लीच्या धरणावर पहाटे पाच वाजता दोन तास गप्प बसून राहणं हा माझ्या आतेभावासाठी कंटाळा आहे. माझ्यासाठी ती परवानगी घेऊन मिळवायची गोष्ट आहे. मराठी निसर्गलेखनातलं एकांताचं कौतुक वाचताना हे कुणी बोलत नाही. ज्यांना एकांत सहज मिळतो त्यांना तो निसर्गाचाच गुण वाटत असावा.

कॅप्शनची भाषा

आता आपल्या लेखनाकडे वळू. आपल्या पिढीनं पक्ष्यांबद्दल मराठीत खूप लिहिलंय, फक्त ते कॅप्शनमध्ये लिहिलंय. 'निसर्गाच्या कुशीत', 'सह्याद्रीच्या सान्निध्यात', 'डोळ्यांचं पारणं फिटलं', 'अविस्मरणीय क्षण'. या शब्दांना काही दिसत नाही. ते कास पठारावर चालतात, तुंगार्लीत चालतात, हॉटेलच्या बाल्कनीतही चालतात. फोटो इतका स्पष्ट असतो की पक्ष्याच्या डोळ्यात आभाळ दिसतं, आणि खालची ओळ इतकी पुसट की पक्षी कुठलाही चालेल.

कॅप्शनमध्ये नेमकी एकच गोष्ट असते : लोकेशन. आणि इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये तुंगार्लीच्या वरच्या अंगाला एका नाल्यात मला स्वर्गीय नर्तकाचं घरटं दिसलं. आडव्या बारीक फांदीवर छोटी वाटी, बाहेरून कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेली, आणि वाटीत न मावणारी, खाली लोंबणारी नराची पांढरी शेपटी. नरही अंडी उबवायला बसतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. फोटो काढला, स्टोरी टाकली, जागेचा टॅग लावला. पुढच्या रविवारी तिथे सात-आठ कॅमेरे होते. घरट्यासमोरच्या दोन डहाळ्या मोडलेल्या होत्या. फोटो स्वच्छ यावा म्हणून कुणीतरी त्या काढल्या होत्या. डहाळ्या गेल्या की आडोसा जातो, आणि आडोसा गेला की कावळ्याला घरटं दिसतं. त्या आठवड्यात आत्याचा फोन आला तेव्हा मी सहज विचारलं. ती म्हणाली, "रिकामं आहे गं."

कावळ्यानं नेलं, सापानं नेलं की माणसांमुळे जोडी सोडून गेली, हे मला सांगता येणार नाही. दर वर्षी कितीतरी घरटी माणसांशिवायही मोडतात. पण टॅग मी लावला होता. ती स्टोरी चोवीस तासांनी गेली, तिचं काम करून गेली.

ईबर्डवर संवेदनशील पक्ष्यांच्या जागा लोकांपासून लपवायची सोय आहे. आपल्या लेखनात अशी सोय नाही. राजमाचीला काजव्यांच्या दिवसांत गाड्यांची रांग लागते, आणि ज्या अंधारात काजवे एकमेकांना प्रकाशाच्या खुणा करतात त्याच अंधारात आपण मोबाइलचे टॉर्च घेऊन शिरतो. यात लिहिणाऱ्यांचाही वाटा आहे. रानावर प्रेम करायला शिकवणाऱ्या पुस्तकांनीही, नकळत का होईना, रानाचे पत्तेच दिले. नवेगाव आणि नागझिरा ही नावं पुण्या-मुंबईच्या कितीतरी वाचकांना आधी पुस्तकांतून कळली, मग बुकिंगमधून. तेव्हा वाचक थोडे होते, रस्ते लांबचे होते, भागून गेलं. आता भागत नाही.

तीच जागा, पुन्हा

मग रविवारवाल्यांनी काय वाचावं, कसं लिहावं? मला दोन नमुने सापडले. गंमत म्हणजे दोन्हींत घनदाट जंगल नाही.

पहिला नमुना दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र', १९५६ चं. चैत्रापासून सुरू होऊन बारा महिन्यांचे बारा लेख. दुर्गाबाई मुंबईत राहणाऱ्या. त्या कुठलं दुर्मीळ काही शोधत नाहीत. नेहमीची झाडं, नेहमीचं आभाळ, पण या महिन्यात ते मागच्या महिन्याहून वेगळं कसं झालं, हे बघतात. त्यांची भाषा आज काही ठिकाणी जड वाटते, संस्कृत अलंकारांचा भार होतो, मान्य. पण 'गेल्या महिन्यापेक्षा' हा शब्द त्यांच्याकडे आहे. काकांकडे होता, माझ्याकडे नव्हता, तोच.

दुसरा नमुना मराठी नाही, पण मराठी मुलखातला आहे. १९३० च्या पावसाळ्यात सलीम अली अलिबागजवळच्या किहीमला होते. हातात नोकरी नव्हती. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. ते आडोसा करून रोज बसले आणि बघत राहिले. सुगरण हा पक्षी कुणाला माहीत नव्हता? शेताच्या बांधावर प्रत्येकानं पाहिलेला. पण घरटं नर विणतो, ते अर्धं झाल्यावर मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर राहते, आणि तिचा संसार लागला की नर दुसरं घरटं विणायला घेतो, हे सगळं त्यांनी रोजच्या बसण्यातून मांडलं. पुढच्या वर्षी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. शोध लावायला दूरच्या रानात जावं लागलं नाही. त्याच झाडाकडे पुन्हा जावं लागलं.

पक्षी सुतार झाला, पावशाला 'पेरते व्हा' ऐकू आलं, ते याच पद्धतीनं. दर वर्षी त्याच बांधावर उभ्या असलेल्या माणसांनी ती नावं ठेवली. म्हणून मला वाटतं, ट्रिपचंही साहित्य होऊ शकतं, फक्त ट्रिप तिथेच पुन्हा व्हायला हवी. मुक्काम आपल्याला परवडणार नाही. पुणे-लोणावळा लोकल परवडते. वर्षाला बारा जागा बघण्याऐवजी एक जागा बारा वेळा बघता येते. अशा लेखनात लोकेशनची गरज पडत नाही. जागा कुठली हे वाचकाला कळलं नाही तरी चालतं, कारण त्याला आपल्या घरामागची जागा आठवते. आणि 'आज काही दिसलं नाही' हेही त्यात लिहिण्यासारखं होतं, कारण गेल्या महिन्यात दिसलेलं असतं.

याच्या विरोधात एक मुद्दा आहे, तो टाळू नये. नोंदी, तारखा, तुलना, यानं लेखन कोरडं होणार नाही का? चितमपल्लींची जादू, माडगूळकरांची नजर नसताना सामान्य माणसाची वही कोण वाचणार? कदाचित कुणी नाही. पण कोरडी वही खोटं बोलत नाही, डहाळ्या मोडत नाही, आणि दहा वर्षांनी तिच्यात असं काहीतरी असतं जे कुठल्याच पुस्तकात नसतं. जादू यायची असेल तर ती बहुधा अशाच वहीतून येते. नवेगावच्या दिवसांतूनच चितमपल्ली आले.

जुलैमध्ये मी पुन्हा तुंगार्लीला गेले. धरण भरून वाहत होतं, गवत गुडघ्याच्या वर आलं होतं, आतेभाऊ छत्री धरून कुरकुरत होता. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्यातला बराचसा त्या सकाळी पडला असावा. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होता. कस्तूर पाण्याच्या आवाजावरून गात होता, मेपेक्षा लांब तुकडे घेत, आणि चाल आता कमी वेळा हरवत होती. निदान मला तसं वाटलं. घरी येऊन मी ते तारखेसकट लिहून ठेवलं. खाली लिहिलं : युवराज दिसला नाही, घरट्याच्या नाल्याकडे गेले नाही, काका भेटले नाहीत.

पुढच्या मेमध्ये काका भेटले आणि त्यांनी विचारलं, तर निदान तारीख सांगता येईल.